रांग मोडायचं तिकीट

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण घरातलंच आहे, आणि ज्यांच्याशी आहे ती माणसं हा ब्लॉग वाचतात. त्यामुळे पाठीमागे बोलले असं कोणी म्हणू नये.

मुलांना सुट्टीत थीम पार्कला न्यावं की नाही आणि नेलं तर गर्दीचं काय करावं, यावर आमच्या घरात तीन पक्ष आहेत. पहिला पक्ष माझ्या दिरांचा. वय ७८, मुक्काम सेलू. त्यांचं म्हणणं, ही निव्वळ पैशाची नासाडी आहे. पोरांना शेतावर न्या, पवनारला धाम नदीवर न्या, बोर धरणावर न्या. "पैसे देऊन कोणी उलटं लटकते काय, बाप्पा?" दुसरा पक्ष माझ्या थोरल्या मुलाचा. तो पुण्याला असतो. तो म्हणतो, जायचं तर नीट जायचं. तासन् तास रांगेत उभं राहून सुट्टी घालवण्यात काय अर्थ आहे? जास्तीचे पैसे भरले की वेगळ्या दारानं लगेच आत सोडतात, ते तिकीट काढायचं आणि मोकळं व्हायचं. तिसऱ्या पक्षात मी एकटीच. धाकटा मनानं माझ्या बाजूला आहे, पण तो बोलत नाही.

भाऊजींना आधी उत्तर देते, कारण ते सोपं आहे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा शेतावर पोरांना काय दाखवू? भेगा? नदीचे दगड इतके तापलेले असतात की पाय ठेववत नाही. हुरडा म्हणाल तर तो हिवाळ्यातला, आणि तेव्हा पोरांच्या शाळा असतात. शिवाय शेतावरच्या पार्टीत रोडगे कोण भाजतं, वांग्याची भाजी कोण ढवळतं आणि शेवटी भांडी कोण घासतं, हे भाऊजींनी कधी पाहिलेलं नाही. कारण तेव्हा ते कडुनिंबाखाली आडवे झालेले असतात. थीम पार्कचा एक दिवस माझ्या दोन्ही सुनांच्या वर्षातला असा दिवस असतो की "आज काय करायचं?" हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. एवढ्या एका कारणासाठीही मी पार्कच्या बाजूनं हात वर करीन.

आणि आपल्या पिढीनं उगाच सोवळं नेसू नये. घोराडच्या यात्रेत आपणही आकाशपाळण्यात बसलोच ना? माझं लग्न झालं त्या वर्षी भाऊजी त्या पाळण्यात लागोपाठ तीनदा बसले होते, मी साक्षीला आहे. पुढे १९८९ साली मुंबईला गोराईत एस्सेलवर्ल्ड निघालं. त्याची जाहिरात टीव्हीवर यायला लागली तेव्हा आमच्या वर्गातल्या पोरांना ती कवितेपेक्षा लवकर पाठ झाली. ज्यांनी आर्वीच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं, ती पोरं विचारायची, "बाई, आपली सहल तिथं काऊन नाही जात?" याला मी काय उत्तर देणार? त्या पाळण्यांची ओढ खरी होती. ती खोटी ठरवून पोरं मोठी होत नाहीत.

तेव्हा पार्क हवं. भाऊजींचा खटला संपला.

आता थोरल्याकडे वळते. आणि तिथे गर्दीबद्दल आधी बोललं पाहिजे, कारण गर्दीचं मला कौतुक आहे असा त्याचा समज आहे. मला गर्दीचं कौतुक अजिबात नाही. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधानभवनावर निघालेल्या मोर्च्यात ११४ गोवारी बांधव चेंगरून गेले. त्यात बाया होत्या, लेकरं होती. आज सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. त्यावरून जाताना माझ्या वयाच्या माणसाला अजून कसंतरी होतं. जानेवारी २००५ मध्ये मांढरदेवीच्या डोंगरावर अडीचशेहून जास्त माणसं गेली. मे २०२४ मध्ये राजकोटच्या एका गेम झोनला आग लागली, त्यात २७ जण गेले, लहान मुलंसुद्धा. तेव्हापासून मी कुठल्याही बंदिस्त करमणुकीच्या जागी पाऊल टाकण्याआधी बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे ते बघते, आणि ते दिसलं नाही तर नातवंडांसकट परत फिरते. कोणी हसलं तरी चालेल.

म्हणजे गर्दी काय करू शकते हे मला ठाऊक आहे. म्हणूनच रांगेची किंमतही ठाऊक आहे. छत्तीस वर्षं पोरांच्या रांगा लावल्या. प्रार्थनेची, खिचडीची, पोलिओच्या डोसाची, सहलीत एसटीत चढायची. रांग लागली की गर्दीतला प्रत्येक जण माणूस होतो. त्याच्या पुढे कोण, मागे कोण, हे ठरतं. दांडगटाला आणि मरतुकड्याला एकच नियम लागू होतो. आधी आला त्याचा आधी नंबर. शाळेत यायच्या आधी हा नियम पोरांना माहीत नसतो. घरात तर जो मोठ्यानं रडतो त्याला आधी मिळतं!

थीम पार्कवाल्यांनाही रांगेचं महत्त्व पहिल्या दिवशीच कळलं. अमेरिकेत डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. त्या दिवशी फक्त निमंत्रितांना बोलावलं होतं, पण बनावट पासांवर लोक घुसले आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसं आत शिरली. पुढे तिथल्या मंडळींनी रांगेचं शास्त्रच केलं. रांग सरळ न ठेवता नागमोडी वळवायची, मध्ये बघायला काहीतरी ठेवायचं, म्हणजे उभं राहणं जड जात नाही. १९९९ मध्ये त्यांनी एक फारच चांगली युक्ती काढली. आपलं तिकीट यंत्रात घालायचं, ते तुम्हाला परत यायची वेळ छापून देणार. तेवढ्या वेळात इकडेतिकडे फिरून या. हे फुकट होतं आणि सगळ्यांना सारखं होतं. माझा भाचा तिकडे असतो, त्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, याला म्हणतात डोकं! २०२१ मध्ये त्यांनी तीच सोय बंद केली आणि तिच्या जागी पैशाची सोय आणली. सुरुवातीला फ्लोरिडात माणशी दिवसाला १५ डॉलर. २०२४ च्या अखेरीस त्याहून वरचा पास निघाला, तो सर्वांत गर्दीच्या दिवशी माणशी चारशे डॉलरच्या वर जातो. आत जायचं तिकीट वेगळं, बरं का. गर्दीवरचा उपाय म्हणून सुरू झालेली गोष्ट वीस-बावीस वर्षांत धंदा झाली. मग तिकडे ज्याचा धंदा झाला, तो इकडे यायला वेळ लागत नाही. आपल्याकडेही मोठ्या पार्कांत आता फास्ट ट्रॅक म्हणा, एक्स्प्रेस म्हणा, हे तिकीट मिळतं.

आता थोरल्याचा आवडता मुद्दा. "आई, रेल्वेत एसीचा डबा नसतो का? विमानात बिझनेस क्लास नसतो का? ज्याला परवडतं तो घेतो."

बाळा, एसीच्या डब्यात तू गादी विकत घेतोस, थंड हवा विकत घेतोस. पण तुझा डबा आणि स्लीपरचा डबा एकाच वेळी नागपूरला पोचतात. तू एसीत बसलास म्हणून स्लीपरवाल्याला उशीर होत नाही. पार्कमध्ये काय होतं, त्याचं गणित सातवीतल्या पोरालाही जमेल. समजा, एका पाळण्यात २४ जागा आहेत आणि दर ३ मिनिटांनी एक फेरी होते. म्हणजे तासाला २० फेऱ्या, ४८० माणसं. रांगेत ४८० जण उभे असतील तर शेवटच्याचा नंबर एका तासात लागतो. आता प्रत्येक फेरीतल्या १२ जागा वेगळ्या दारानं येणाऱ्यांना दिल्या. रांगेला उरल्या १२. तासाला २४०. शेवटच्याला आता दोन तास. त्याचा वाढलेला तास कुठून आला? पाळणा तेवढाच, दिवस तेवढाच. तुझा वाचलेला वेळ हा त्याच्या खिशातून काढलेला वेळ आहे, आणि त्याबद्दल त्याला कोणी विचारलेलं नाही. तू पार्कवाल्याला पैसे दिलेस, पण वस्तू त्या मागच्या माणसाची होती.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. आम्ही अकरा जण गेलो होतो. थोरला, त्याची बायको आणि दोन मुलं. धाकटा, त्याची बायको आणि दोन मुलं. माझी लेक आणि तिचा मुलगा. आणि मी. पार्क कुठलं ते सांगत नाही, त्यानं काही फरकही पडत नाही. दारावर थोरला म्हणाला, मी सगळ्यांची फास्ट ट्रॅकची तिकिटं काढतो. त्याचं मन मोठं आहे, हे मी इथे मुद्दाम लिहिते. पण धाकट्याची आर्वीकडे शेती, आणि त्या हंगामात पावसानं सोयाबीनचं काय केलं होतं ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. तो हळूच म्हणाला, "दादा, माह्या पोरायचं मी पाहतो." संपलं. तिथून पुढे कोणी काय बोलणार? त्याला अपमान वाटला का, तर नाही. पण मोठ्या भावाच्या पैशानं आपल्या पोरांनी लोकांच्या पुढे जावं, हे त्याला रुचलं नाही. लेकही आमच्याबरोबर थांबली.

थोरल्याची मुलगी अकरा वर्षांची आणि धाकट्याची दहा. तीन दिवस दोघी एका पांघरुणात झोपत होत्या. दारापर्यंत हात धरून गेल्या आणि तिथे लोखंडी कठड्यानं त्यांची ताटातूट केली. एक इकडून, एक तिकडून. त्यांची पहिली राइड दहा मिनिटांत झाली, आमची एक तास दहा मिनिटांनी. संध्याकाळी मोजलं तर थोरल्याच्या मुलांच्या नऊ राइडी झाल्या होत्या, आमच्या मुलांच्या चार. पण राइडींचा हिशोब जाऊ द्या. परतताना गाडीत मोठी म्हणाली, "ती अंधारातली राइड कसली भारी होती ना!" धाकटी म्हणाली, "आम्ही त्याच्यात बसलोच नाही." पुन्हा एकदा असंच झालं, मग दोघी गप्प बसल्या. सहल म्हणजे नंतर दहा वर्षं पुरणाऱ्या गप्पा. एकाच ठिकाणी जाऊन आलेल्या दोन बहिणींना बोलायला सामाईक काही राहिलं नाही.

आणि धाकट्याचा सहा वर्षांचा पोरगा मला विचारतो, "आजी, आपली लाईन फुकटची होती काय?"

नव्हती हो. आम्हीही पूर्ण पैसे दिले होते. एका माणसाच्या तिकिटात महिन्याचा किराणा नाही, तरी आठवड्याचा नक्की आला असता. पूर्ण पैसे देऊन आत गेलेल्या पोराला आपण फुकटे आहोत असं वाटावं, ही किमया या तिकिटाची आहे. माझा राग नेमका इथे आहे.

रांगेत मजा नव्हती का? होती. आम्ही भेंड्या खेळलो, पुढे नांदेडचं एक कुटुंब होतं, त्यांच्याशी ओळख झाली. पण मी त्या रांगेचे गोडवे गाणार नाही, कारण रांग वाईट होती. डोक्यावर छप्पर नाही, सत्तर मिनिटांत पाण्याचा नळ नाही, बसायला कठडा सोडून काही नाही. फास्ट ट्रॅकच्या वाटेवर मात्र मंडप होता, पंखे होते. आणि याचं कारण उघड आहे. ज्या माणसाला इंग्रजीतून तक्रार करता येते, ज्याच्या मोबाइलवरच्या दोन ओळींना व्यवस्थापक घाबरतो, तो माणूस त्या दारानं गेलेला असतो. मागे उरतात ते निमूट उभे राहणारे. त्यांना सावली कोण देणार?

वर्ध्याच्या माणसाला हे नवीन वाटायला नको. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांची दैना गांधीजींनी १९१७ साली लिहून काढली, आणि ते स्वतः तिसऱ्या वर्गानं प्रवास करत. त्यांना वरच्या वर्गाचं तिकीट मिळालं नसतं असं थोडंच होतं? पण जो वरच्या वर्गात जाऊन बसतो त्याला खालच्या डब्यातली घाण दिसत नाही, आणि जो खाली बसतो त्याचं कोणी ऐकत नाही. (रेल्वेनं तिसरा वर्ग १९७४ साली काढून टाकला. मी नोकरीला लागले तेही त्याच वर्षी.)

मग माझ्या छत्तीस वर्षांत मी काय पाहिलं? मी शिकवत होते त्या गावात आधी सगळ्यांची पोरं एकाच शाळेत होती. दुकानदाराची, सरपंचाची, मजुराची. छप्पर गळलं की ग्रामसभेत आरडाओरड व्हायची. मग एकेक जण पोराला पिवळ्या गाडीत बसवून तालुक्याच्या शाळेत धाडू लागला. पोराचं भलं व्हावं म्हणूनच, त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण ज्या पावसाळ्यात सरपंचाचं पोरगं गेलं, त्या पावसाळ्यापासून छपराबद्दल बोलणारं कोणी राहिलं नाही. आम्ही दोघी बाया बादल्या मांडून शिकवत होतो.

थोरला म्हणेल, आई पाळण्यावरून शाळेवर गेली. हो, गेले. ज्याला घाई आहे आणि पैसे आहेत तो बाजूच्या दारानं जातो आणि रांग मागे राहिलेल्यांच्या नशिबाला सोडतो. दोन्हीकडे हेच आहे.

देवळांतही हेच आलंय, हे मला मान्य आहे. तिरुपतीला ३०० रुपयांचं वेगळं दर्शन आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असल्या पैशाच्या दर्शनाविरुद्ध याचिका आली, तेव्हा न्यायालयानं असा भेदभाव नसावा असं मत दिलं, पण आदेश देणं आमचं काम नाही म्हणून याचिका ऐकली नाही. म्हणजे तो निर्णय आपल्यावरच आला. याच्या उलट पंढरपूर बघा. आषाढीच्या शासकीय महापूजेला मुख्यमंत्र्यांच्या शेजारी बसायचा मान कोणाला मिळतो? दर्शनाच्या रांगेत सगळ्यांत पुढे असलेल्या वारकरी जोडप्याला. एसटी त्यांना वर्षभराचा मोफत पासही देते. रांगेत उभं राहिल्याचा मान! (पंढरपुरातही मागल्या दारानं जाणारे असतात, मी काही भाबडी नाही. पण ते निदान मागल्या दारानं जातात. दारावर दराची पाटी लावून जात नाहीत.)

"पण आई, मला वर्षात पाचच दिवस मोकळे मिळतात. माझ्या वेळेला किंमत आहे." हा थोरल्याचा शेवटचा मुद्दा. बरं. तुझे ते पाच दिवस भरपगारी असतात. धाकटा आला तेव्हा कापूस वेचायला आला होता, मजूर शोधून ठेवले होते, आणि तो चार दिवस घरी नव्हता. त्याचे ते चार दिवस कोणी भरून दिले नाहीत. मग वेळ कोणाचा महाग?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी मला त्यात पकडेल. म्हाताऱ्यांना, पोटुशी बाईला, अपंगांना, कडेवर तान्हं असलेल्या आईला पुढे सोडावं, अवश्य सोडावं. दवाखान्यात अपघाताचा रुग्ण आला की आपण सगळे बाजूला होतोच ना. माझे गुडघे बघून पार्कातल्या एका मुलीनं मला खुर्ची आणून दिली, ती मी घेतली. ती गरज झाली. गरज आणि पाकीट यांतला फरक न कळणारं माणूस मला अजून भेटायचं आहे, न कळल्यासारखं करणारी पुष्कळ भेटली.

आणि फुकटात रांग मोडणाऱ्यांना माझं संरक्षण नाही, हेही लिहून ठेवते. खिडकीतून एसटीच्या सीटवर रुमाल टाकणारे, "आमचे ते पुढे उभे आहेत" म्हणून सात जणांना आत ओढणारे, यांच्याशी मी उभ्या जन्मात भांडले. पण रुमाल टाकणाऱ्याला निदान कंडक्टर चार शब्द सुनवायचा. फास्ट ट्रॅक म्हणजे कंडक्टरनं स्वतःच विकलेला रुमाल आहे.

मग गर्दीचं करायचं काय? सहलीत पन्नास पोरं सांभाळलेल्या बाईचं ऐका. आपल्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्राहून उशिरा उघडतात. जूनच्या मध्यावर पुण्या-मुंबईची पोरं शाळेत जाऊन बसलेली असतात आणि आपली अजून मोकळी असतात. त्या आठवड्यात, शनिवार-रविवार सोडून, निघायचं. उघडायच्या अर्धा तास आधी दारात हजर व्हायचं आणि पहिल्या राइडला न थांबता सरळ शेवटच्या टोकाला जायचं, कारण सगळे पहिल्याच राइडशी खोळंबतात. दुपारी जेव्हा सगळे राइडींवर तुटून पडतात तेव्हा आपण जेवून सावलीत बसायचं. लहानांच्या खिशात नाव आणि मोबाइल नंबरची चिठ्ठी, आणि चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ते आत शिरतानाच बोट दाखवून ठरवायचं. आणि रांगेला सावली, पाणी नसेल तर बाहेर पडताना लेखी तक्रार द्यायची. तोंडी नाही, लेखी. आम्ही दिली. उत्तर आलेलं नाही, मी पुन्हा पाठवणार आहे.

येत्या जूनचा बेत मी ठरवलाय. अकरा साधी तिकिटं, माझ्या पेन्शनमधून. अट एकच, सगळे एका दारानं. थोरल्याची मुलं तेव्हा शाळेत असतील, त्यांनी दोन दिवस शाळा बुडवावी. एका मास्तरणीनं हे सांगावं म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते लक्षात घ्या. थोरला फोनवर म्हणाला, "बघू." त्याचं "बघू" म्हणजे काय ते लहानपणापासून मला माहीत आहे, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "उलटं नाही लटकवत असाल तर येतो." तेव्हा बारा धरा.